कांबळे मॅडमच्या शेंगा

कांबळे मॅडमवर लिहितोय, असं परवा एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर सांगितलं, तर तो एकदम आवाज उतरवून म्हणाला, "अरेरे! कधी, सर?" त्याची काही चूक नाही. मी आजवर ज्यांच्यावर लिहिलं ते सगळे भिंतीवरच्या फोटोत गेल्यावरच लिहिलं. त्यात सोय असते. माणूस हयात असला की तो वाचणार. कांबळे मॅडम वाचणार म्हणजे फोन करणार, आणि त्यांनी फोन केला की माझ्या शेजारच्या बिऱ्हाडालाही सगळं ऐकू जाणार. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मॅडम ठणठणीत आहेत. हार आणू नका.

कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात आम्ही दोघं बरीच वर्षं एकत्र होतो. त्या शिल्पकला शिकवायच्या आणि मी कलेचा इतिहास. म्हणजे त्या काम करायच्या आणि मी त्यावर बोलायचो. सुजाता कांबळे, मूळच्या कुरुंदवाडच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, कोपरापर्यंत हात कायम प्लास्टरनं पांढरे. स्टाफरूममध्ये आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग बऱ्याच वेळानं त्या. शिकायला परराज्यात गेल्या, सुवर्णपदक घेऊन आल्या, पण बोली कुरुंदवाडचीच ठेवली. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात. मॅडम विद्यापीठाच्या समितीपुढंही 'मी आलो' म्हणायच्या. मी एकदा प्रमाणभाषेचा विषय हळूच काढला, तर म्हणाल्या, "सर, मी आलो का न्हाय? आलो न्हवं? मग झालं की."

मोठा शब्द ऐकला की त्या "म्हंजे?" म्हणायच्या. टोमणा म्हणून नव्हे, अगदी मनापासून. माझी उभी हयात मोठ्या शब्दांवर चाललेली, त्यामुळं या "म्हंजे?"नं माझे फार हाल केले. एकदा मी म्हणालो, "या शिल्पाला पुरेसा अवकाश हवा." "म्हंजे?" "म्हणजे... भोवती जागा." "मग जागा म्हना की. कपाट सरकवूया." आणि कपाट सरकवलंही. दुसरी बाजू अर्थातच मला धरायला लागली. पाठ आठवडाभर धरली होती.

तर या बाईंनी एक खूळ काढलं. खूळ हा माझा तेव्हाचा शब्द. चौकात जाजम पसरायचं, मधोमध वाळक्या भुईमुगाच्या शेंगांचा ढीग ओतायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून बसवायचं. समोर अनोळखी माणूस पाहिजे. दोघांनी एकाच ढिगातल्या शेंगा फोडायच्या, आणि घरात जे बोलता येत नाही ते समोरच्याला सांगायचं. हात थांबला की तोंड बंद. सगळ्यांत मोठा नियम म्हणजे ढीग एकच. स्वतःपुरत्या शेंगा वेगळ्या ओढून घ्यायला कुणालाही परवानगी नव्हती. आमदार आले तरी नाही. आमदार आले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

हा सगळा खटाटोप एका माणसाला बोलतं करण्यासाठी होता, आणि ते माणूस म्हणजे मॅडमची आई. हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, कारण गोष्ट दाबून ठेवून शेवटी उलगडायची कला मला येत नाही. मध्येच शिंक यावी तसं ते बाहेर पडतं.

पहिला प्रयोग शाहूपुरीत झाला. सकाळची वेळ, दुकानं अजून उघडायची होती. मॅडमनी मला उद्घाटनाचं बोलायला सांगितलं होतं. मी फलकही सुचवला होता : 'संवादाचा सार्वजनिक अवकाश : एक सहभागी सादरीकरण.' मॅडम "म्हंजे?" म्हणाल्या आणि त्यांनी खडूनं पाटीवर लिहिलं : 'या, बसा, फोडा, बोला.' मी माईक हातात घेतला. 'मानवी संवादाचा ऱ्हास' इथपर्यंत पोचलो आणि बघतो तर समोर रांग लागलेली! मला भरून आलं. कोल्हापूर कलेला इतकं आसुसलेलं असेल असं वाटलं नव्हतं. मग दिसलं, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स होती. आमच्या गावात कोपऱ्यावर जाजम, पाटी आणि चष्मेवाला माणूस दिसला की काहीतरी शिबिर आहे, हे ठरलेलं. पहिल्याच बाईंनी विचारलं, "डोळं तपासत्यात व्हय हितं?" त्यांच्या मागचा रिक्षावाला म्हणाला, "न्हाय ओ मावशी, शेंगा हाईत. पावणं, कशा दिल्या?"

"या विकायच्या नाहीत," मी म्हणालो, "ही कला आहे."

त्यानं शेंगांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "बरं हाय न्हवं तुमचं?" त्यानं खरोखर काळजीनं विचारलं.

तेवढ्यात जाजमावरून मॅडमचा आवाज आला, "ओ पावणं! त्यास्नी सोडा. हितं बसा. मावशी, तुमी ह्यांच्या समोर. फोडा शेंगा. आन् घरात बोलत न्हाईसा ते सांगा एकमेकास्नी." माझ्या भाषणानं जे झालं नसतं ते या आरोळीनं झालं. दोघं बसले. थोडा वेळ नुसता कटकट आवाज. मग रिक्षावाला मान खाली घालूनच म्हणाला, "पोरगी बोलत न्हाय माझ्यासंगट. तिला कुस्ती खेळायची हुती, मी नगं म्हटलं." मावशी ताडकन म्हणाल्या, "मग खेळू द्याची की! आमच्या भावकीतली पोरगी..." आणि तिथं मॅडमनी दुसरा नियम जाहीर केला. सल्ला द्यायचा नाही. जो सल्ला देईल त्यानं टरफलं झाडायची.

हा नियम कोल्हापुरात पाळणं किती अवघड आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. इथं पत्ता विचारला तरी माणूस आधी 'तिकडं कशाला जातासा?' म्हणतो. मी स्वतः तर टरफलं झाडण्यातच तरबेज झालो. लोकांना मी मॅडमचा शिपाई वाटायचो, आणि एकदा एकानं मला चहा सांगितला. मी आणून दिला.

मी मॅडमना म्हणायचो, अहो, कोल्हापूरकरांना बोलायला लावणं म्हणजे पंचगंगेत पाणी ओतणं आहे. तालमीचा कट्टा, दुधाचा कट्टा, चहाची गाडी, जिथं बघावं तिथं बोलणंच चाललंय. फुटबॉल, निवडणूक, रस्सा. त्या म्हणायच्या, "वरडत्यात सर. बोलत कुठं हाईत?" मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पटलं शिरोलीत.

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या फाटकाबाहेर जाजम पसरलं होतं. पाळी सुटली, माणसं बाहेर पडली. एक पन्नाशीचा कामगार बसला. समोर त्याचाच सुपरवायझर आला. मॅडम म्हणाल्या, अनोळखी पाहिजे. तो सुपरवायझर म्हणाला, "अनोळखीच हाय ओ. पंधरा वर्सं काम करतोय संगट, पर ह्येच्या बायकोचं नाव बी म्हाईत न्हाय." मॅडमनी चालवून घेतलं. कामगारानं मूठभर शेंगा फोडल्या आणि आवाज अगदी खाली आणून गुपित सांगितलं. म्हणजे त्याच्या मते खाली. प्रत्यक्षात ते रस्त्यापलीकडच्या वडापाववाल्यालाही ऐकू गेलं. "सायेब, मला ऐकू येत न्हाय आता! घरात सांगिटलं न्हाय! बायकू बोलली की निस्ता व्हय व्हय म्हंतो!"

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? ते घशातच राहिलं, कारण सुपरवायझर शेंग फोडता फोडता, तितक्याच मोठ्यानं ओरडला, "मला बी! डाव्या कानानं!" मग दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागले, आणि हसता हसता त्या कामगाराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी लगेच कानाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. मॅडमनी झाडू पुढं केला.

एवढं बघितल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी लेख लिहिला. रविवारच्या पुरवणीत, अर्धं पान, माझ्या फोटोसह. मथळा : 'शेंग : आत्म्याचे कवच.' टरफल म्हणजे सामाजिक मुखवटा, दाणा म्हणजे आदिम स्वत्व, आणि वरचं लालसर फोलपट म्हणजे काय ते आता माझं मलाच आठवत नाही, पण दोन परिच्छेद होते. एका फ्रेंच विचारवंताचंही नाव घातलं होतं. सोमवारी मॅडमनी स्टाफरूममध्ये तो लेख उभ्यानं, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "म्हंजे?" एकदाही म्हणाल्या नाहीत. तिथंच माझं धाबं दणाणलं.

"सर, ह्यो लेख माझ्यावर हाय?"

"हो."

"मग ह्यात मी कुठं हाय? ह्यो फ्रेंच मानूस दोनदा आलाय. मी एकदाच." त्यांनी पुरवणीची घडी घातली. "तुमी मला एकदा तरी इचारलं का, शेंगाच का म्हनून?"

नव्हतं विचारलं. सौंदर्यशास्त्रावर बोलणाऱ्याला विचारायची सवय नसते, सांगायची असते. मी ओशाळून म्हणालो, "शेंगाच का, मॅडम?"

त्यांनी चहा बशीत ओतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला. पेरणीसाठीचं बियाणं हातानंच फोडावं लागतं. दाण्याचं साल निघालं, डोळा दुखावला, तर तो उगवत नाही. म्हणून पेरणीच्या आधी कुरुंदवाडला चौगुल्यांच्या अंगणात बायका शेंगा फोडायला बसायच्या. अंगणाच्या मधे मोठा ढीग, त्याच्याभोवती मालकांकडच्या आणि भावकीतल्या बायका, गप्पा, गाणी, हसणं. मॅडमची आई हौसाबाई आणि बुद्धवाड्यातल्या बायका त्याच अंगणात, पण भिंतीकडेला. त्यांना तिकडं वेगळा ढीग ओतून द्यायचे. तहान लागली की चौगुल्यांची सून तांब्या घेऊन यायची आणि ओंजळीत वरून पाणी ओतायची. छोटी सुजाता आईच्या मांडीला टेकून मधल्या ढिगाकडं बघत बसायची. तिकडं गप्पा चालायच्या आणि भिंतीकडेला कुणी बोलायचं नाही.

"आमी बुद्ध झालेलो, घरात बाबासाहेबांचा फोटो, आई सभेला पुढं बसनारी," मॅडम म्हणाल्या. "पर ह्या एका गोष्टीवर तिनं अवाक्षर काढलं न्हाय, सर. मी लहानपनी इचारलं, मोठी झाल्यावर इचारलं. 'शाळा शिक' म्हनायची. आता म्हंती, 'झालं ते झालं.' आता थकली ती. जायाच्या आत एकदा बोलली पायजे. माझ्यापाशी नगं. तिच्यापाशी. चौगुल्यांच्या काकीपाशी, ती पानी वतायची ती सून. त्या बी हाईत अजून."

मग मला त्या सगळ्या चौकांचा अर्थ लागला. ही बाई वर्षानुवर्षं गावोगाव जाजम पसरून सराव करत होती. आणि मी तिला आत्म्याचं कवच चिकटवलं होतं. इतका ओशाळलो की घरी येऊन ती पुरवणी रद्दीत टाकली. माझ्या लेखांच्या फायलीत एक प्रत होती, ती मात्र ठेवली. माणूस इतक्यात सुधारत नाही.

कुरुंदवाडचा प्रयोग जमवायला मॅडमना लई वेळ लागला. चौगुले काकी पहिल्या झटक्यात तयार झाल्या, कारण टीव्हीवाले येणार असा त्यांचा समज झाला होता. हौसाबाई मात्र नाहीच. मॅडमनी परोपरीनं सांगितलं, दरवेळी उत्तर एकच, "तू जा. मला कामं हाईत." प्रयोगाच्या दिवशी सकाळीही तेच. मॅडम आम्हाला चौगुल्यांच्या दारात भेटल्या तेव्हा चेहरा उतरलेला. नेहमीची आरोळी नाही, विद्यार्थ्यांना शिव्या नाहीत. अंगणाच्या मधोमध त्यांनी ढीग ओतला. काकींचे गुडघे गेलेले, म्हणून त्या खुर्चीत, नवं लुगडं नेसून, कॅमेरा शोधत. त्यांच्या समोरची जागा रिकामी. आम्ही बाकीचे भोवतीनं बसून शेंगा फोडत होतो. मॅडम दाराकडं बघायचं टाळत होत्या. मला राहवलं नाही. मी हळूच म्हणालो, "मॅडम, न येणं हाही एक प्रकारचा सहभागच असतो."

"सर," त्या म्हणाल्या, "गप."

आणि हौसाबाई आल्या. उन्हं कलायला लागली होती. फाटकात उभ्या राहिल्या, वाळलेल्या, ताठ, पांढऱ्या पातळातल्या. पायातल्या चपला त्यांनी फाटकाबाहेरच काढल्या होत्या आणि हातात धरल्या होत्या. ते बघून मॅडमनी डोळे मिटून घेतले. हौसाबाई आत आल्या, आमच्याकडं, ढिगाकडं, रिकाम्या जागेकडं न बघता सरळ भिंतीकडेला गेल्या, चपला बाजूला ठेवल्या आणि पाय दुमडून बसल्या. मग म्हणाल्या, "द्या हिकडं शेंगा."

म्हणजे वेगळा ढीग. आमदारालाही न मिळणारा. विद्यार्थी मॅडमकडं बघायला लागले. मॅडम जागच्या हलेनात. त्यांचा नियम आणि त्यांची आई असा पेच त्यांच्यावर आला होता, आणि अशा वेळी पुढं होऊन घोळ वाढवायचं काम माझ्याकडं असतं. मी घसा खाकरून म्हणालो, "आजी, आपला नियम असा आहे की..." मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं की माझ्या हातातली शेंग खाली पडली.

मग काकीच बोलल्या, "हौसे, हितं ये की गं मधी. तितं का बसलीस?"

हौसाबाईंनी मान वर केली. "तुमीच बसवलतं न्हवं, आक्का."

शेंगांचा आवाज थांबला. काकी गडबडल्या. "त्ये... सासूबाईंच्या वक्ताला गं. सासूबाई लई कडक..."

"व्हय की. सासूबाई व्हत्या तवर सासूबाई." हौसाबाईंचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "त्या गेल्यावर? त्या गेल्यावर बी मी हितंच बसलो. तवा अंगन कुनाचं हुतं?"

काकींनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि उठायची धडपड सुरू केली. बहुतेक त्यांना भिंतीकडेला यायचं होतं. "सुजाता, उठीव गं मला जरा," त्या म्हणाल्या. मॅडम उठल्याही. पण हौसाबाईंनी हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. बसा तितंच. निस्तं ऐका."

मॅडम अर्ध्यावरून वळल्या. चटकन ओंजळीनं शेंगा उचलून त्यांनी आईसमोर ओतल्या आणि स्वतः तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. मग मला म्हणाल्या, "सर, सगळ्यास्नी घिऊन चहाला जावा."

"अहो पण मॅडम, इतकी वर्षं याच्यासाठीच तर... आणि हा सार्वजनिक..."

"जावा म्हटलं न्हवं."

अख्ख्या जिल्ह्याची घरातली गोष्ट चौकात आणणारी बाई, आपल्या घरची गोष्ट आली तेव्हा फाटक लावायला सांगत होती. मला राग आला. खरंच आला. हातातोंडाशी आलेला लेख गेला, असं पहिलं मनात आलं. त्याला माझा इलाज नाही. विद्यार्थ्यांना मी चहाला पाठवलं आणि स्वतः फाटकाच्या फटीला डोळा लावून उभा राहिलो. त्यानंतर मॅडमनी जाजम कधी पसरलं नाही. नोकरी मुदतीआधी सोडली आणि त्या आईजवळ राहायला गेल्या. आई त्या दिवशी काय बोलली, हे मी फोनवर तीनदा विचारलंय. "ते तुमाला कशाला?" एवढंच उत्तर मिळतं.

फटीतून दिसलं ते सांगतो. हौसाबाई भराभरा शेंगा फोडत होत्या आणि बोलत होत्या. मधेच हात लांब करून अंगणातल्या आडाकडं दाखवत होत्या, मधेच मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ती केवढी होती ते दाखवत होत्या. काकी खुर्चीत मान खाली घालून ऐकत होत्या. आणि मॅडम, आमच्या कांबळे मॅडम, आईच्या खांद्याला खांदा लावून हमसून रडत होत्या, तोंडसुद्धा न पुसता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळं पुढचं थोडं धूसर दिसलं. काकींनी मान वर केली आणि त्या काहीतरी म्हणायला लागल्या. माफी असेल, सबब असेल, देव जाणे. पण हौसाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि तेवढं एक वाक्य मला फाटकाबाहेर स्वच्छ ऐकू आलं.

"थांबा आक्का. माझं झालं न्हाय अजून."